फट

नागपूरहून आलेली पेटी मी वासावरून ओळखते.
झाकण काढलं की कोरडी धूळ उठते,
मे महिन्यात बंद ठेवलेल्या खोलीची,
आणि भात्याच्या घडीत कूलरमधल्या वाळ्याची
एखादी काडी हमखास.

पुण्याच्या पेट्या सभ्य.
सकाळी किंचित चढ्या, दुपारी किंचित उतरलेल्या.
तक्रार असते ती मालकाची.
बेळगावच्या पेटीला लोण्याचा वास का येतो
हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या वेंगुर्ल्याच्या पेट्यांचं काय सांगू.
पट्टी एकदा खाली गेली की वर यायचं नाव नाही,
पितळी सुरांवर हिरवा गंज, चामड्याला बुरशी,
दशावताराच्या पायपेटीत तर एकदा खेकडा निघाला,
जिवंत,
काळी चारच्या खाली.
बाबा म्हणायचे, सरस इथं वाळत नाही,
नुसता वाट बघत बसतो.

जून संपता संपता देवतळेबाई आल्या,
बँकेत बदली होऊन.
पेटी टॉवेलात गुंडाळलेली, उजव्या अंगाला वीतभर फट,
पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी.
वारा तिथून निसटायचा
आणि पंचम जिना चढून आल्यासारखा वाजायचा.
"भरून द्या," त्या म्हणाल्या.
"आत्ता भरूचा नाय. ऱ्हवांदे म्हयनोभर."
त्यांना वाटलं, मी काम टाळतेय.

तरी येत राहिल्या. पेटी बघायला म्हणून,
खरं तर बोलायला.
मिठाचं पाणी होतं हो तुमच्याकडे.
पापड ताटातल्या ताटात मऊ.
तीन काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते.
आमची दोघांची जुनी पत्रं एकमेकांना चिकटली,
सोडवायला गेले
तर ह्यांची अक्षरं माझ्या ओळींवर उमटलेली,
उलटी.
हे सांगताना त्या हसल्या. ते जाऊन सहा वर्षं झाली होती.
मग म्हणाल्या, पण टाच बघा,
आणि माझ्या दुकानात, रंध्याच्या भुशात,
चप्पल काढून पाय पुढे केला.
भेगा होत्या तिथं नुसत्या रेघा.

श्रावणातल्या एका सकाळी पोस्टकार्ड आत जाईना.
पुढच्या आठवड्यात नखही.
लाकूड हवा प्यायलं होतं,
माझा हात लागला नव्हता.
मी पैसे घेतले नाहीत, त्यांनी सावजी मसाल्याची पुडी दिली.
ती गणपतीपर्यंत दगड झाली.

तीन वर्षं ती पेटी येत राहिली,
इथल्याच तक्रारी घेऊन: अडकलेली पट्टी, हिरवे सूर.
मला वाटलं, झाली ही आमची.

मग सोलापूर.
टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी धावत गेले.
उघडेल, म्हटलं. माघापर्यंत उघडेल.
कुणी भरतो म्हणाला तर देऊ नका,
लाकडाला यायला-जायला जागा लागते,
भरलेली फट पुढच्या ओलीत
दुसरीकडे चिरते.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी ऐकलं की नाही
कोण जाणे.

फेब्रुवारीत फोन आला.
बोलल्या काहीच नाहीत, पंचम धरला.
मी सरसाचं भांडं विस्तवावरून उतरवून
कान लावून उभी.
बाहेर कोणीतरी बांगड्याचा भाव ओरडत होतं.
सुराच्या मागे तो बारीक दम,
सोलापूरचा वारा,
कोरडा, सरळ, मधे कुठेही न थांबलेला.

"भरली नाहीत ना?"
"नाही."
"मीठ कसं आहे?"
"मोकळं. एकेक कण वेगळा पडतो."
आणि जरा थांबून,
"टाच विचारू नका."